धनुष्याचे वजन

मराठीत अवघड काम हे ‘शिवधनुष्य’ असते आणि ते ‘पेलायचे’ असते. वाल्मीकींच्या बालकांडात हे धनुष्य आठ चाकांच्या लोखंडी पेटीतून पाच हजार माणसे ओढीत आणतात. तेथे पहिली कसोटी भाराची. होमरच्या ‘ओडिसी’त मात्र धनुष्य हाती घेण्यास कोणालाच अडचण पडत नाही; अडते ते प्रत्यंचा चढविताना. आता प्रत्यक्ष धनुष्ये काय सांगतात ते पाहू.

१९ जुलै १५४५ रोजी आठव्या हेन्रीचे ‘मेरी रोझ’ हे जहाज सोलेंटच्या सामुद्रधुनीत बुडाले. १९८२ मध्ये त्याचा सांगाडा वर काढण्यात आला. अवशेषांत यू वृक्षाच्या लाकडाची, सुमारे दोन मीटर लांबीची दीडशेहून अधिक धनुष्ये मिळाली. ती ओढण्यास १०० ते १८५ पौंड जोर लागत असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. इंग्रजीत या जोरालाच धनुष्याचे ‘वजन’ म्हणतात. भाषांतरकार फसतो तो येथेच! दोन मीटर लांबी, सरासरी सात चौरस सेंटिमीटर छेद आणि पाण्याच्या ०.६५ पट घनता धरली, तर असे धनुष्य तराजूत जेमतेम ९०० ग्रॅम भरेल.

हा भार ठरतो कशाने? लांबी आणि जाडी तर उघडच. पण जाडी दहा टक्के वाढविली, तर भारही तेवढाच वाढतो. ताठरपणा मात्र जाडीच्या घनाप्रमाणे, म्हणजे सुमारे ३३ टक्के. म्हणून दोन बलाढ्य धनुष्ये हाताला जवळपास सारखीच लागतात. दुसरे कारण ओलावा. ताज्या लाकडात पाणी पुष्कळ; ते मुरवून वाळविले की हलकेही होते आणि ताठही. तिसरे कारण लाकडाची जात. यूचा बाहेरचा पांढरा थर ताण सोसतो, आतला तांबूस गाभा दाब. ॲश किंवा एल्म वापरायचे तर पाते सहसा रुंद ठेवावे लागते आणि भार वाढतो. तो टोकांशी वाढला तर बाणाचा वेग घटतो. म्हणून पाते टोकाकडे निमुळते करीत नेतात. असे यू इंग्लंडला पुरेना. १४७२ च्या कायद्याने आयात मालाच्या प्रत्येक टनामागे चार धनुर्दंड आणणे व्यापाऱ्यांवर बंधनकारक झाले.

विद्वानांनी लॅटिनमध्ये लिहिण्याच्या त्या काळात रॉजर ॲस्कमने ‘टॉक्सोफिलस’ हा धनुर्विद्येवरचा ग्रंथ इंग्रजीत लिहिला, तोही १५४५ मध्येच. त्याचीही पसंती यूलाच.

‘वजन’ हा एक शब्द चुकीचा वाचला की धनुर्धर राक्षसी बळाचा ठरतो आणि लहानपणापासून रोज केलेला सराव अदृश्य होतो. ‘मेरी रोझ’वरील काही सांगाड्यांच्या खांद्यांत त्या सरावाच्या खुणा असाव्यात, असे मानतात. आम्हांस वाटते, या बाबतीत होमर वास्तवाच्या अधिक जवळ आहे. धनुष्य उचलणे सोपे; ते वाकविणे हेच खरे पेलणे.