सहा चुकांची शिक्षा

"जरा एक सीडी राइट करून दे ना," हे वाक्य तुम्ही शेवटचं कधी ऐकलंत? साधारण २००२ ते २०१० च्या काळात ज्याच्या घरी 'रायटर' असायचा, तो माणूस गल्लीत भलताच लोकप्रिय असायचा. लग्नाचे फोटो, गॅदरिंगचा व्हिडिओ, कॉलेजचं प्रोजेक्ट, आणि (खोटं कशाला बोला) मित्राकडून आणलेली गाणी, सगळं त्या चकतीवर जायचं. आणि तेव्हाची एक तक्रारही घरोघरी सारखीच होती: "पूर्वी पटकन व्हायची हो, आता पाऊण तास लागतो. व्हायरस असणार."

व्हायरस कधी कधी असायचाही. पण पुष्कळदा कारण वेगळंच असायचं. कुणीतरी शहाणपणानं घेतलेल्या दोन खबरदाऱ्या एकमेकींवर चढून बसलेल्या असायच्या. त्यांचीच ही गोष्ट.

आधी थोडं गणित. फिलिप्स आणि सोनी यांनी १९८२ मध्ये सीडी बाजारात आणली ती गाण्यांसाठी. गाणं वाजतं त्या वेगानं डेटा वाचला तर सेकंदाला १५० किलोबाइट मिळतात. हा झाला 'एक एक्स'. म्हणजे ७०० एमबीची, ८० मिनिटांची सीडी एक एक्सनं लिहायला ८० मिनिटं, आठ एक्सनं दहा. डीव्हीडीचा एक्स मोठा, सेकंदाला सुमारे १,३८५ किलोबाइट. त्यामुळे १६ एक्सचा डीव्हीडी रायटर पूर्ण जोरात आला की त्याला सेकंदाला २२ एमबी डेटा लागतो. हा २२ चा आकडा लक्षात असू द्या.

आता पहिली खबरदारी. एकदाच लिहिता येणारी कोरी सीडी जपानच्या ताइयो युदेन कंपनीनं १९८८ मध्ये आणली. हिच्या आत रंगद्रव्याचा पातळ थर असतो. लेझर त्याला तापवतो आणि खुणा उमटतात. म्हणून तर त्याला 'बर्न' करणं म्हणायचे. (नीरो या सॉफ्टवेअरचं पूर्ण नाव 'नीरो बर्निंग रॉम' होतं. जर्मन लोकांना विनोद जमत नाहीत म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) गोम अशी, की या खुणा एका अखंड सर्पिल रेषेत उमटवायच्या असतात. सुरुवातीच्या रायटरना मध्येच थांबता येत नसे. कॉम्प्युटरकडून डेटा यायला जरा उशीर झाला, रायटरचा बफर रिकामा झाला, की सीडी बाद. चहाचा कप ठेवायला बशी मिळाली, एवढाच फायदा. म्हणून सीडी राइट होत असताना माउसला हात लावायचा नाही असा दंडक होता, आणि तो अंधश्रद्धा अजिबात नव्हता.

२००० मध्ये सान्यो कंपनीचं 'बर्न-प्रूफ' तंत्र आलं. बफर रिकामा व्हायला लागला की लेझर बंद करायचा, कुठे थांबलो ते लक्षात ठेवायचं आणि डेटा आला की तिथूनच पुढे. लवकरच इतर कंपन्यांनीही असंच काहीतरी आणलं. सीडी बाद होणं जवळपास थांबलं. पण त्याबरोबर एक गंमत झाली. आधी कॉम्प्युटर कमी पडला तर चकती फुकट जायची. आता तीच चकती रडतखडत का होईना, पूर्ण व्हायची. म्हणजे 'बर्निंग स्लो झालंय' ही तक्रार खरी जन्माला आली ती या सुधारणेमुळे!

पण मुळात डेटा यायला उशीर का व्हायचा? त्यासाठी १९८४ मध्ये जावं लागेल. आयबीएमचा 'पीसी एटी' त्या वर्षी आला. त्यात डिस्कवरून आलेला प्रत्येक शब्द प्रोसेसर स्वतः उचलून मेमरीत ठेवायचा. या पद्धतीचं नाव 'पीआयओ'. मॅनेजरनं स्वतः पोती वाहण्यातला प्रकार, पण त्या मशीनमध्ये हमाल, म्हणजे 'डीएमए' चिप, मॅनेजरपेक्षा हळू होता. त्यामुळे तेव्हा ते बरोबरच होतं. पुढे डिस्क वेगवान झाल्या आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी 'अल्ट्रा डीएमए' आलं. सेकंदाला ३३ एमबी, मग ६६, मग १००, आणि प्रोसेसर मोकळा. याउलट पीआयओची कमाल मर्यादा कागदावरच १६.७ एमबी, प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी खाली. आणि आपल्या रायटरला हवेत २२. बसला फटका.

मग २००५ च्या कॉम्प्युटरमध्ये १९८४ ची पद्धत आली कुठून? इथे दुसरी खबरदारी येते. अल्ट्रा डीएमएमध्ये केबलवरून आलेला डेटा बरोबर आहे ना, याची 'सीआरसी' तपासणी होते. विंडोज एक्सपीचा नियम असा होता, की एखाद्या ड्राइव्हवर अशा चुका किंवा उत्तर यायला झालेले उशीर मिळून सहा झाले, की त्या ड्राइव्हचा वेग एक पायरी खाली. पुन्हा चुका होत राहिल्या तर आणखी खाली. शेवटी थेट पीआयओ. सैल केबल, धूळ बसलेली लेन्स, ओरखडे पडलेली भाड्याची व्हीसीडी... एकेक चूक वहीत जमा होत जायची. आणि वरच्या पायरीवर परत नेण्याचा नियम मात्र नव्हता. दोष दुरुस्त झाला तरी शिक्षा चालूच. त्यात उपरोध असा, की पीआयओमध्ये सीआरसी तपासणी नसतेच. चुका सापडल्या म्हणून अशा जागी पाठवायचं, जिथे चुका कुणी शोधतच नाही. असो.

पुण्या-मुंबईत स्लो बर्निंग ही नुसती कटकट होती. सातारा-सांगलीकडे मामला जास्त गंभीर होता, कारण तिथे लोडशेडिंग होतं. आमच्या पिढीचं बालपणच त्या वेळापत्रकावर चाललं. कोयना धरण सातारा जिल्ह्यातलं, घाटाखालच्या वीजघरांसकट प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट, आणि त्याच जिल्ह्यात संध्याकाळी मेणबत्ती! बर्न-प्रूफ रिकाम्या बफरला पुरे पडायचं. लाइट गेली की त्याचाही इलाज नव्हता. सहा मिनिटांची डीव्हीडी कुठल्याही फटीत बसायची. पाऊण तासाची डीव्हीडी सुरू करण्याआधी घड्याळ बघावं लागायचं, आणि साध्या यूपीएसवर एवढा वेळ मशीन तगत नसे.

हे सगळं पुन्हा उकरायचं कारण म्हणजे आमच्या साताऱ्याच्या काकांचा कॉम्प्युटर. २००५ चा असेंबल्ड पेंटियम फोर, एक्सपी, अजून चालू. २००७ मध्ये आजीचं सहस्रचंद्रदर्शन झालं, त्याचं शूटिंग काकांनी याच मशीनवर एडिट करून नातेवाइकांना डीव्हीडी वाटल्या होत्या. सांगलीची आत्या गावभागात राहते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा तिच्या तळमजल्यावरचं कपाट तीन दिवस पाण्यात होतं. फोटोंचे अल्बम गेले, डीव्हीडीही गेली. आजी त्याआधीच गेली होती. आत्याला ती डीव्हीडी हवी होती, आणि तिच्या टीव्हीखालच्या प्लेअरवरच बघायची होती. "लिंक पाठवतो" वगैरे हिंजवडीचे उपाय तिथे चालत नाहीत.

"अरे, लागते सुरू होऊन, पण संपतच नाही बघ," काका म्हणाले. सोळा एक्सच्या रायटरवर पन्नास मिनिटं. नीरोमधली बफरची पट्टी सारखी शून्याला जाऊन वर येत होती. म्हणजे रायटर ठीक होता, तो नुसता उपाशी होता. डिव्हाइस मॅनेजर, आयडीई कंट्रोलर, 'सेकंडरी चॅनेल', ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज. वरच्या चौकटीत 'डीएमए इफ अव्हेलेबल' निवडलेलंच होतं. खाली 'करंट ट्रान्स्फर मोड' मात्र 'पीआयओ'. सापडला!

कॅबिनेट उघडून धूळ झटकली, केबल काढून नीट दाबून बसवली. मग तो सेकंडरी चॅनेल अनइन्स्टॉल करून मशीन रीस्टार्ट केलं. असं केलं की सिस्टिम चॅनेल नव्यानं ओळखते, जुनी वही फाटते. आता 'अल्ट्रा डीएमए मोड २', म्हणजे ३३ एमबी. २२ ला पुरून उरले. घाई न करता मुद्दाम आठ एक्सवर लिहिली, साधारण नऊ मिनिटं लागली. "एवढंच होतं होय?" काका म्हणाले. एवढंच होतं.

तुमच्या घरी असं एखादं मशीन असेल तर आधी हा मोड बघा. तो ठीक असेल तर सी ड्राइव्हवर पुरेशी जागा आहे का ते पाहा, अँटीव्हायरस थोडा वेळ थांबवा, कोऱ्या चकतीवर किती एक्स लिहिलंय ते वाचा. रायटर बाहेरून जोडलेला असेल तर यूएसबी जुन्या १.१ चं नाही ना, हेही बघा. त्यातून सेकंदाला जेमतेम एक एमबी जातो.

पण खरं काम वेगळंच आहे. ज्या रंगद्रव्यावर आपण ते सगळं लिहिलं, ते ऊन, उष्णता आणि दमटपणानं खराब होत जातं. त्या काळातल्या कित्येक चकत्या आता वीस वर्षांच्या होत आल्या. सातारा असो की सांगली, कपाटात वरच्या फळीवर पिशवीत बांधलेल्या त्या सीडी-डीव्हीडींमध्ये कुणाची तरी मुंज आहे, कुणाचा तरी आवाज आहे, आणि त्यातल्या पुष्कळांची दुसरी प्रत नाही. रायटर असलेली जुनी मशीन्स भंगारात चाललीत, नव्या लॅपटॉपला तर ड्राइव्हच नसतो. काकांच्या मशीनवरून मी ती फाइल दोन पेन ड्राइव्हवर घेतली, एक पुण्यात ठेवली आणि एक आत्याकडे. वरच्या मजल्यावर.

पुढच्या सुट्टीत घरी गेलात की तेवढं करून टाका. चकती सावकाश वाचली जात असेल, अडखळत असेल, तर वैतागू नका. ती वाचली जातेय तोवरच वेळ आहे.