घुबडाच्या नाण्याची साक्ष

अथेन्स नगरीच्या जुन्या रौप्यमुद्रेवर एका बाजूस अथीना देवीचें मुख व दुसऱ्या बाजूस तिचें घुबड असे. इ. स. पूर्व ४८३ च्या सुमारास लॉरियमच्या खाणींत विपुल रुपें सांपडलें. तें आपसांत वांटून घ्यावें असा नागरिकांचा मनोदय होता. परंतु थेमिस्टोक्लीझनें तो फिरविला आणि त्या द्रव्यांतून युद्धनौका बांधविल्या. इ. स. पूर्व ४८० मध्यें सालामिसच्या सामुद्रधुनींत इराणी आरमाराचा मोड झाला, तो ह्याच नौकांच्या बळावर.

पण त्यापूर्वीं अथेन्सचा व्यवहार कोणत्या चांदीवर चाले? घुबडाच्या आधीं तेथें चाक, घोडा इत्यादि निरनिराळ्या चिन्हांचीं नाणीं पडत. तीं कोठल्या रुप्याचीं, हें त्यांवर लिहिलेलें नाहीं. धातूची परीक्षा करावी, तर नाणें कापावें किंवा आम्लांत विरघळवावें लागे. म्हणजे साक्षीदाराची जबानी घेण्यासाठीं त्याचाच वध करावयाचा!

ही अडचण न्यूट्रॉननें दूर केली. १९३२ सालीं चॅडविकनें शोधून काढलेल्या ह्या कणावर विद्युद्भार नसतो. म्हणून तो पृष्ठभागावर न अडतां नाण्याच्या गाभ्यांत शिरतो. तेथील अणु त्यास गिळून कांहीं काळ किरणोत्सर्गी होतात, आणि प्रत्येक धातु आपल्या ठराविक शक्तीचे किरण सोडतो. चांदीचा बराचसा किरणोत्सर्ग कांहीं मिनिटांत ओसरतो. सोन्याचा निम्मा होण्यास मात्र सुमारें पावणेतीन दिवस लागतात. त्यामुळें सोन्याचा लेशही मोजतां येतो, आणि नाणें अखंड राहतें.

सोन्यावरच भर कां? शिशाच्या साहाय्यानें चांदी शुद्ध करतांना तांब्यासारखें हीण बहुतेक निघून जातें. सोनें मात्र चांदीची संगत सोडीत नाहीं. म्हणून तें खाणीची खूण ठरतें.

ऑक्सफर्डचे नाणकशास्त्रज्ञ कॉलिन क्रे यांनीं १९५८ पासून अशा परीक्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. घुबडांत सोनें अत्यल्प भरलें. जुन्या नाण्यांत तें अधिक, आणि तेंही कमीजास्त. तेव्हां तीं बाहेरून आलेल्या रुप्याचीं असावींत, असें अनुमान त्यांनीं काढलें. एकाधिपति पिसिस्ट्रॅटस ह्यास उत्तरेकडील स्ट्रायमन नदीच्या प्रदेशांतून द्रव्य मिळे, असें हिरोडोटसनें लिहून ठेविलें आहे. त्याशीं हें जुळतें.

ह्या साक्षीसही मर्यादा आहेत. शिसें न्यूट्रॉननें फारसें चेतत नाहीं, आणि जुनीं नाणीं वितळवून नवीं पाडलीं असतां खाणींच्या खुणा एकमेकींत मिसळून जातात. तथापि साक्षीदार जिवंत आहे. उद्यां अधिक मार्मिक प्रश्न सुचल्यास त्यास पुन्हां बोलावितां येईल.