आऱ्याचे दात

सागवानाची फळी लांबीतून चिरताना टेबल सॉ ओरडू लागतो, जळका वास सुटतो आणि फळीच्या कडेवर काळा पट्टा उमटतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या फर्निचरच्या दुकानांत हे चित्र नवं नाही. मिस्त्री कधी लाकडाला दोष देतो, कधी मशीनला. खरं तर बहुतेक वेळा दोष ब्लेडच्या निवडीचा असतो. प्लायवूडसाठी घेतलेलं ऐंशी दातांचं ब्लेड सागवानावर चालवलं जातं. ही चूक का होते, ते समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागेल.

सुताराच्या पेटीतच अनेक भाषा नांदतात. करवत हा संस्कृत ‘करपत्र’चा वारस. आरा आणि रंधा फारसीतून आले. मिस्त्री हा शब्द पोर्तुगीजांनी दिला. आरा ओढणारा तो आराकश. यंत्र येण्यापूर्वी ओंडका उंचावर ठेवून किंवा खड्ड्यावर आडवा टाकून चिरला जाई. एक माणूस वर, दुसरा खाली. भुसा खालच्याच्या डोळ्यांत जाई. अशा आऱ्याचे दात मोठे, विरळ आणि एकाच दिशेला झुकलेले असत. आडव्या कापाची करवत मात्र बारीक, टोकदार दातांची.

हा फरक लाकडाच्या घडणीतून आला आहे. लाकूड म्हणजे तुराट्यांची घट्ट बांधलेली पेंढी समजा. पेंढी आडवी कापायची तर प्रत्येक काडी तोडावी लागते. तिथे सुरीसारखी धार हवी. उभी चिरायची तर दात पटाशीसारखा रेषेच्या दिशेने लाकूड खरवडत जातो, लांब तुसं निघतात आणि ती सामावायला दोन दातांमध्ये मोकळी जागा लागते. दात जास्त असले की जागा कमी पडते, भुसा अडकतो, घर्षण वाढतं आणि लाकूड जळतं.

1777 मध्ये इंग्लंडात सॅम्युएल मिलरने गोल करवतीचं पेटंट घेतलं. पुढे यंत्र बदललं, दाताचा नियम बदलला नाही. आपल्याकडे गावोगावी आरामशीन आली तशी ओंडके चिरण्याची जबाबदारी तिच्याकडे गेली. सुतार तयार फळ्या घेऊ लागला आणि उभ्या चिराची विद्या त्याच्या हातून हळूहळू निसटली.

मग न्यायालयाचा निकाल आला. केरळमधल्या निलंबूरच्या राजघराण्यातले टी. एन. गोदावर्मन यांनी 1995 मध्ये निलगिरीच्या जंगलतोडीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. त्यांचं गाव निलंबूर 1840 च्या दशकातल्या सागाच्या जुन्या लागवडीसाठी प्रसिद्ध आहे. याच खटल्यात 4 मार्च 1997 रोजी न्यायालयाने महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेशातल्या विनापरवाना आरामशिनी तातडीने बंद करण्याचा आदेश दिला. टिपेश्वर आणि पैनगंगेचं जंगल असलेल्या आपल्या जिल्ह्यासाठी ही छोटी गोष्ट नव्हती. जंगलाला दिलासा हवाच होता. पण पोट आऱ्यावर असणाऱ्यांसाठी तो आदेश रोजीरोटीचाही प्रश्न होता.

दरम्यान दुकानात प्लायवूड स्थिरावलं. प्लायच्या थरांत रेषा एकआड एक आडव्या-उभ्या असतात, म्हणून कडा फाटू नयेत यासाठी पुष्कळ दातांचं ब्लेड लागतं. तेच ब्लेड मशीनवर कायमचं बसलं. आज अस्सल सागवानाचं काम आलं की मिस्त्री तेच चालवतो.

मग निवडावं कसं? दहा इंची ब्लेडला उभ्या चिरासाठी 24 ते 30 दात पुरेत. दाताचं टोक सपाट आणि दात पुढे झुकलेला, साधारण 20 अंशांचा हवा. 60 ते 80 दातांचं ब्लेड आडव्या कापासाठी आणि प्लायसाठी राखून ठेवावं. सागात सिलिका, म्हणजे वाळूचा अंश असतो, त्यामुळे साध्या पोलादाची धार लवकर मरते. दातांना टंगस्टन कार्बाइडची टोकं असलेलं ब्लेड घ्यावं. हत्यारांच्या टोकांसाठीचा हा पदार्थ 1920 च्या दशकात जर्मनीत तयार झाला.

ब्लेडची जाडीही पाहावी. 3.2 मिलिमीटर जाडीच्या चिरेने दहा वेळा चिरलं की 32 मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंच सागवान भुसा होतं. पातळ ब्लेड लाकूड वाचवतं, पण जाड फळीत ते डगमगू शकतं.

शेवटची गोष्ट बोटांची. चीर मागून मिटली की लाकूड ब्लेडला चिकटून कारागिराच्या अंगावर उसळतं. म्हणून ब्लेडच्या मागची चीर उघडी ठेवणारी पाती कधी काढू नये. ब्लेडवर लिहिलेला कमाल वेग मशीनच्या वेगापेक्षा जास्त असावा. ग्राइंडरला लाकडाचं ब्लेड लावण्याची सवय तर सोडाच. तोंडावर मास्क हवा, कारण लाकडाचा भुसा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक ठरवला आहे.

सागाचं झाड कापणीला यायला साठ-ऐंशी वर्षं घेतं. खड्ड्यात उभ्या राहिलेल्या आराकशाने ज्या दाताकडे लक्ष दिलं, त्याच दाताकडे बटण दाबण्यापूर्वी एकदा पाहावं. मोजायला अर्धा मिनिटही लागत नाही.