मूत्रातील सेलेनियम आणि पोषणाचे मोजमाप

दुष्काळी मुलुखात पोषणाचे माप कशावरून घ्यावे, हा प्रश्न अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्याला नवा नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे आपले कार्य आरंभिले, आणि लवकरच १९७२ च्या अवर्षणाने त्याची परीक्षा पाहिली. ज्यांपैकी अनेकींना अक्षरओळख नव्हती अशा गावोगावच्या स्त्रियांनी तेथे मुलांची वजने घेण्याचे काम पत्करले. तराजू हे खरोखर मोठे साधन होय. तथापि मूल खंगले आहे एवढेच तो सांगतो, कोणत्या द्रव्याच्या अभावाने खंगले हे सांगत नाही. ते सांगण्यासाठी रसायनशास्त्र पुढे येते, आणि त्याच्या हाती सर्वांत सहज येणारी वस्तू म्हणजे मूत्र. त्यासाठी सुई टोचावी लागत नाही, आणि लहान मुलाकडूनही ते मिळते. हा साक्षीदार किती विश्वसनीय आहे, याचा निवाडा करण्यास सेलेनियमचा इतिहास फार उपयुक्त आहे.

बर्झेलियसने १८१७ मध्ये शोधलेले हे मूलद्रव्य पोषणशास्त्रात प्रथम विष म्हणूनच शिरले. अमेरिकेच्या साउथ डकोटा व आसपासच्या प्रदेशांत जनावरांचे खूर व केस झडत. त्याचे मूळ जमिनीतील सेलेनियमात आहे असे दिसून आल्यावर १९३६ मध्ये तेथील शेतकरी कुटुंबांच्या मूत्राची तपासणी झाली. म्हणजे मूत्रातील सेलेनियम आरंभी आधिक्याचे माप होते, न्यूनतेचे नव्हे. १९५७ मध्ये श्वार्ट्‌झ व फोल्ट्‌झ यांनी हेच द्रव्य उंदरांच्या यकृताचा ऱ्हास रोखते असे दाखविले, आणि विषाचे पोषकद्रव्य झाले. पुढे चीनमधील केशान परगण्याच्या नावाने ओळखला जाणारा हृदयविकार सेलेनियमविरळ मातीच्या पट्ट्यात आढळतो व सोडियम सेलेनाइटने त्याला आळा बसतो, हे १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले.

मोजण्याची रीत मात्र दीर्घकाळ क्लिष्ट राहिली. मूत्र तीव्र आम्लांत पचवावे, पण सेलेनियम वाफेबरोबर उडून जाऊ देऊ नये. मग डायअमिनोनॅफ्थॅलीनशी त्याचा संयोग घडवून त्या संयुगाचा प्रकाश मोजावा, अशी पद्धती न्यूझीलंडच्या वॉटकिन्सन यांनी १९६६ मध्ये मांडली. मूत्रात हे द्रव्य कोणत्या रूपाने येते याविषयीची समजूतही मध्यंतरी बदलली. १९६९ मध्ये उंदरांच्या मूत्रात ट्रायमिथिलसेलेनोनियम सापडले, व पुष्कळ वर्षे तेच प्रमुख रूप मानले गेले. २००२ मध्ये जपानी संशोधकांनी नेहमीच्या आहारावर असताना एका सेलेनियमयुक्त शर्करेचेच प्राधान्य असते असे दाखविले.

आहारातून शोषलेल्या सेलेनियमचा मोठा अंश मूत्रपिंडांवाटे बाहेर जातो, आणि आहार घटला की मूत्रपिंडे हात आखडतात. म्हणून मूत्रातील आकडा मुख्यतः अलीकडच्या आहाराचा निदर्शक ठरतो. शरीराच्या ऊतींत साठा किती आहे, हे त्यावरून थेट वाचता येत नाही. समूहाविषयी तो पुष्कळ सांगतो, एका व्यक्तीविषयी थोडे.

हा भेद भारतात एका निराळ्या द्रव्याच्या निमित्ताने फार महाग पडला आहे. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डेव्हिड मॅके यांनी १९०८ मध्ये बंगाली लोकांच्या मूत्रातील नायट्रोजन मोजला, तो युरोपीय मानकांहून कमी भरला, आणि त्यावरून त्यांनी समाजाच्या शारीरिक सामर्थ्याविषयी निष्कर्ष काढले. मोजमाप खोटे नव्हते. त्याच्यावर लादलेला अर्थ त्याला पेलण्यासारखा नव्हता. सत्तर वर्षांनी त्याच नायट्रोजनाने नेमक्या उलट दिशेने वाद उभा केला. सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले व जागतिक अन्न आणि कृषी संघटनेत संख्याशास्त्राचे काम पाहून पुण्यास परतलेले डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी शेल्डन मार्गेन यांच्यासह असे दाखविले, की निरोगी माणसाचा नायट्रोजन-समतोल ठराविक आहारावरही दिवसेंदिवस खालीवर होतो. तेव्हा एका दिवसाच्या आकड्यावरून कोणासही कुपोषित ठरविणे चूक. दांडेकर व रथ यांनी १९७१ मध्ये स्वीकारलेल्या दरडोई २२५० कॅलरींच्या मर्यादेवरही त्यांनी याच अंगाने आक्षेप घेतला. कमी खाण्याशी जुळवून घेतलेला देह ‘सुस्थितीत’ गणला जाईल व उपाशी माणूस हिशेबातून निसटेल, हे टीकाकारांचे उत्तरही तितकेच सबळ होते.

सेलेनियमच्या बाबतीत हा निसटण्याचा धोका आणखी सूक्ष्म आहे. अहमदनगरच्या पूर्व भागात वैशाखात उन्हात राबणाऱ्या मजुराचे मूत्र अल्प व दाट असते. त्यात दर लिटरमागे सेलेनियम अधिक दिसते, जरी दिवसभरात बाहेर गेलेले एकूण प्रमाण तेवढेच असले तरी. हा दोष घालविण्यासाठी सेलेनियमचे क्रिएटिनीनशी गुणोत्तर घेण्याची प्रथा पडली. परंतु क्रिएटिनीन स्नायूंपासून निर्माण होते. ज्याचे स्नायू झिजले आहेत त्याच्या मूत्रात ते कमी, म्हणून गुणोत्तर फुगलेले. आणि जो सर्वांत अधिक खंगलेला, तोच कागदावर भरल्या पोटीचा दिसतो. ज्वारी-बाजरीत सेलेनियम किती उतरते हे मातीवर अवलंबून असल्याने, बहुतांशी आपल्याच शिवारातील धान्य खाणाऱ्या गावांत हा गोंधळ विशेष जाचक ठरावा.

निर्दोष मार्ग म्हणजे चोवीस तासांचे सर्व मूत्र साठविणे, आणि तेही एकाहून अधिक दिवस. रुग्णालयातील खाटेवर ते सुकर आहे. पहाटे शेतावर वा कामावर जाऊन दिवेलागणीस परतणाऱ्या बाईकडून ते अपेक्षिणे कठीण. तिच्याबाबतीत एक नमुना, त्याच्या जोडीला रक्तातील सेलेनियम, आणि जामखेडच्या गावांत वापरला गेला तसा तराजू, एवढ्यावर काम चालवावे लागते.