फोर्स फीडबॅक स्टिअरिंग

फोर्स फीडबॅक स्टिअरिंग हे मोटर शर्यतीच्या सिम्युलेटरमध्ये वापरले जाणारे नियंत्रण उपकरण आहे. चालकाने स्टिअरिंग किती अंशांतून फिरवले, हे ते संगणकाला किंवा गेमिंग कन्सोलला कळवते. त्याच वेळी आभासी गाडीच्या पुढच्या चाकांवर येणारे बल मोटरच्या साहाय्याने चालकाच्या हातांपर्यंत पोहोचवते. साध्या, स्प्रिंगवर चालणाऱ्या स्टिअरिंगमध्ये ही दुसरी क्रिया नसते. वापरात असताना चालकाचे हात आणि मोटर एकमेकांविरुद्ध सतत जोर लावत असल्यामुळे या उपकरणाची झीज अटळ असते. झिजलेले उपकरण बहुधा एकाएकी बंद पडत नाही, तर ते प्रथम चालकाला सदोष माहिती देऊ लागते.

इतिहास

अटारी गेम्सच्या १९८९ मधील ‘हार्ड ड्रायव्हिन’ या नाणे टाकून खेळायच्या यंत्रात फोर्स फीडबॅक स्टिअरिंग होते. घरगुती संगणकांसाठी मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये ‘साइडवाइंडर’ मालिकेतील फोर्स फीडबॅक स्टिअरिंग विक्रीस आणले. २००६ मध्ये आलेल्या लॉजिटेकच्या ‘जी२५’मध्ये ९०० अंशांपर्यंत फिरणारे स्टिअरिंग, दोन मोटरी, क्लचसह तीन पेडल आणि स्वतंत्र गिअर दांडा होता. थ्रस्टमास्टरच्या ‘टी३००आरएस’मध्ये (२०१४) ब्रशरहित मोटर व पट्ट्यांची रचना वापरली गेली. थेट मोटरवर बसवलेली स्टिअरिंग प्रथम महाग होती. फॅनाटेकच्या ‘सीएसएल डीडी’ (२०२१) सारख्या उपकरणांमुळे ती सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात येऊ लागली.

कार्यपद्धती

वळण घेताना गाडीचे टायर जमिनीलगत किंचित विकृत होतात. त्यांच्यावरील बाजूचे बल टायरच्या स्पर्शक्षेत्राच्या मध्याच्या थोडे मागे कार्य करते. त्यामुळे चाक पुन्हा सरळ करू पाहणारा टॉर्क, म्हणजे फिरवणारे बल, निर्माण होतो. टायरची पकड कमाल मर्यादेजवळ पोहोचली की हा टॉर्क पकड सुटण्याच्या आधीच कमी होऊ लागतो आणि स्टिअरिंग हलके जाणवते. हा हलकेपणा चालकासाठी महत्त्वाची पूर्वसूचना असतो. सिम्युलेटर प्रत्येक क्षणी या बलांचे गणित करून मोटरला आज्ञा देतो. स्टिअरिंगची स्थिती मोजण्यासाठी प्रकाशीय एन्कोडर किंवा चुंबकीय संवेदक वापरतात.

टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. ३० सेंटीमीटर व्यासाच्या स्टिअरिंगवर ५ न्यूटन-मीटर टॉर्क असल्यास कडेला सुमारे ३३ न्यूटन, म्हणजे साधारण ३.४ किलोग्रॅम वजनाइतका जोर जाणवतो. मागितलेला टॉर्क मोटरच्या क्षमतेपेक्षा जास्त असेल, तर त्यावरचा भाग छाटला जातो. अशा वेळी बलातील बारीक चढउतार चालकाला कळत नाहीत.

प्रकार आणि झीज

दंतचक्री रचना: लहान मोटरचा टॉर्क दंतचक्रांनी वाढवला जातो. ही रचना स्वस्त असते, परंतु दातांमध्ये मुळातच थोडी फट असते आणि दात झिजतात तशी ती वाढत जाते. परिणामी स्टिअरिंग मधल्या स्थितीजवळ असताना खडखड ऐकू येते आणि तेथील हलके बल हातापर्यंत पोहोचत नाही. काही उपकरणांत एन्कोडरची लहान प्लॅस्टिक चकती मोटरच्या शाफ्टवर दाबून बसवलेली असते. तिला तडा गेल्यास ती शाफ्टवर घसरते. मग गाडी सरळ जात असताना स्टिअरिंग तिरपे राहते आणि जुळवणी पुन्हा केली तरी दोष परत येतो.

पट्ट्यांची रचना: येथे मोटर आणि स्टिअरिंग यांच्यामध्ये कप्प्या व पट्टे असतात. हालचाल गुळगुळीत व कमी आवाजाची होते. मात्र पट्टा सैल पडल्यास प्रतिसाद मंदावतो आणि दातेरी पट्टा जोराच्या झटक्यात एखादा दात ओलांडू शकतो.

थेट जोडणी: स्टिअरिंग थेट मोटरच्या शाफ्टवर बसवलेले असल्याने दंतचक्रे व पट्टे नसतात. येथे झीज मुख्यतः बेअरिंग, स्टिअरिंग काढण्या-घालण्याची जलद जोडणी आणि विद्युत संपर्क यांपुरती मर्यादित राहते. टॉर्क अधिक असल्यामुळे टेबल किंवा चौकटीचे बोल्टही सैल होतात. शक्तिशाली उपकरणांत अपघाती झटक्याने अंगठे वा मनगट दुखावू नये म्हणून आपत्कालीन बटणाची सोय उपयुक्त ठरते.

उष्णतेचा परिणाम

मोटरचा टॉर्क विद्युतधारेच्या प्रमाणात वाढतो, परंतु वेटोळ्यातील उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून टॉर्क दुप्पट केल्यास उष्णता सुमारे चौपट होते. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्के वाढतो, म्हणजे तापमान ६० अंशांनी वाढल्यास तो जवळपास एक चतुर्थांशाने वाढतो. तापलेल्या मोटरीतील चुंबकही काहीसे क्षीण होतात. संरक्षण म्हणून अनेक उपकरणे टॉर्क आपोआप घटवतात. लांब शर्यतीच्या उत्तरार्धात स्टिअरिंग हलके वाटण्यामागे हे कारण असू शकते. चालक मात्र त्याचा अर्थ टायरची पकड कमी झाली असा लावण्याची शक्यता असते.

पेडल

अनेक स्वस्त पेडलमध्ये पोटेन्शिओमीटर असतो. त्यातील सरकता संपर्क कार्बनच्या पट्टीवर घासत असल्याने पट्टी झिजते आणि तिच्यावर धूळ साचते. त्यामुळे पेडल स्थिर धरले तरी संकेत उड्या मारतो. हॉल संवेदकात असा घासणारा संपर्क नसतो. लोडसेल पेडलच्या अंतराऐवजी त्यावरील दाब मोजतो. दाबानुसार ब्रेक नियंत्रित करता येत असल्याने तो ब्रेकसाठी विशेष सोयीचा ठरतो.

निगा आणि दुरुस्ती

वीजपुरवठा बंद करून स्टिअरिंग हळूहळू फिरवल्यास फट, खरखर किंवा एखाद्याच जागी होणारा अडथळा हाताला कळतो. संगणकाच्या नियंत्रक तपासणी खिडकीत पेडलचा आकडा स्थिर राहतो का, हेही पाहता येते. टॉर्क कमाल पातळीच्या खाली ठेवल्यास उष्णता व झीज दोन्ही कमी होतात, तसेच छाटणीही टळते. दंतचक्रांना प्लॅस्टिकला बाधक नसलेले वंगणच लावावे लागते. पट्टा, पोटेन्शिओमीटर आणि एन्कोडरची चकती हे भाग मूळ उपकरणाच्या तुलनेत अल्पमोलाचे असतात. ते सुटे मिळतात का आणि आवरण सहज उघडता येते का, यावर संपूर्ण उपकरणाचे आयुष्य पुष्कळ अंशी अवलंबून असते.