बलुते, पोस्त आणि टिप

सलूनमध्ये केस कापून झाल्यावर दरपत्रकातल्या पैशांवर आणखी काही द्यावे का, आणि द्यायचे तर किती, हा प्रश्न आपल्या मंडळात दरवर्षी कुठल्यातरी निमित्ताने निघतोच. भिलाईच्या कारखान्यातून निवृत्त झालेले ज्येष्ठ म्हणतात, "दर भिंतीवर लावला आहे, तेवढा दिला, विषय संपला." पुण्या-बंगळूरूहून गणपतीला घरी येणारी मुले पन्नासाची नोट सहज ठेवून येतात. अमेरिकेतली मुले तर वीस टक्क्यांची भाषा बोलतात. भगिनीवर्गाचा ब्यूटी पार्लरमधला हिशेब आणखी निराळा. मला जुने संदर्भ चाळण्याचा नाद, म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी हाच विषय घेतला. टिप हा शब्द नवा असला, तरी न्हाव्याला 'वरचे' देणे आपल्याकडे फार जुने आहे.

आधी गावगाड्यात जाऊ. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गावगाडा' या ग्रंथात बलुतेदारीचे तपशीलवार वर्णन आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातही (दुसरी आवृत्ती १८५७) बलुतेदारांच्या थोरली, मधली आणि धाकटी अशा तीन कासा दिल्या आहेत. न्हावी मधल्या कासेत, कुंभार, चांभार आणि परीट यांच्या बरोबरीने. या कासेचे बलुते तीन पाचुंदे, म्हणजे पाच-पाच पेंढ्यांचे तीन गठ्ठे. ही मोजदाद सगळीकडे सारखी नव्हती, पण तत्त्व एकच होते. सुगीच्या वेळी खळ्यावर जाऊन न्हाव्याने आपला वाटा न्यायचा. वर्षात किती डोकी केली, किती दाढ्या केल्या, याचा हिशेब नाही. बलुते हा त्याचा हक्क होता, त्यात उपकाराचा भाग नव्हता.

या हक्काच्या वर प्रसंगाचे देणे असे. जावळ काढले की तांदूळ, नारळ, खण किंवा धोतर आणि ओवाळणीचे पैसे. लग्नात नवरदेवाची दाढी केली की तसेच. मशाल धरणे, पाहुण्यांचे अंग रगडणे ही कामेही न्हाव्याकडे येत. सणाच्या देण्याला आपल्याकडे स्वतंत्र शब्दच आहे, 'दिवाळीची पोस्त'. आनंदाच्या बातमीवर हातावर ठेवायची ती 'खुशाली'. 'बक्षीस' हा शब्द फारसीतून आला आणि घरचा झाला. थोडक्यात, जुन्या व्यवहारात दोन खाती वेगळी होती. पोट बलुत्यावर चाले, आणि वरचे देणे आनंदात सहभागी करून घेण्यासाठी असे.

मात्र या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. दुष्काळ पडला की खळेच रिकामे, मग वाटा कुठला? काम नको म्हणण्याची सोय न्हाव्याला नव्हती, आणि कोणाचे काम करायचे नाही हेही गावच ठरवी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लिहून ठेवले आहे, की साताऱ्यात न्हावी होते, घरी द्यायला पैसेही होते, तरी त्यांचे केस थोरल्या बहिणीलाच कापावे लागत. जिथे पैसे देऊनही वस्तरा लागत नव्हता, तिथे 'वरचे किती' हा प्रश्न उद्भवतच नव्हता.

आपण ज्या छत्तीसगडात येऊन राहिलो, तिथेही हीच रीत 'पौनी-पसारी' या नावाने होती. नाऊ, धोबी, लोहार यांना वर्षाचे धान ठरलेले असे. राज्य सरकारने शहरांत अशा पारंपरिक व्यवसायांना बाजारात जागा देण्यासाठी काही वर्षांपूर्वी योजना काढली, तिला हेच नाव दिले. उत्तरेत या पद्धतीला जजमानी म्हणतात. विल्यम वायझर यांनी मैनपुरी जिल्ह्यातल्या एका गावावरून तिचा अभ्यास १९३६ साली प्रसिद्ध केला. संत सेना न्हावी यांच्या अभंगांवर वारकऱ्यांचे प्रेम, इकडचा सेन समाजही त्यांनाच मानतो, आणि गुरू ग्रंथसाहिबातही त्यांचे एक पद आहे. धंदा एक, संत एक, वेतनाची रीतही एकच.

शहर वाढले तसे धान्य मागे पडले आणि रोकड आली. रोकडीबरोबर न्हाव्याला एक नवी गोष्ट मिळाली, ती म्हणजे 'नाही' म्हणण्याची ताकद. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने शेकडो नाभिक जमले आणि विधवांचे केशवपन करायचे नाही असा त्यांनी निर्धार केला. मिळकतीचे एक ठरलेले काम त्यांनी आपणहून सोडले. कोणते पैसे घ्यायचे नाहीत हे कारागिराने ठरवले, असा हा आपल्या इतिहासातला मोठा प्रसंग. हातावर पैसे टेकवताना मला तो हमखास आठवतो.

आता आपल्या मुलांच्या वीस टक्क्यांकडे वळू. अमेरिकेत केशकर्तनालयात पंधरा ते वीस टक्के टिप देण्याचा रिवाज आहे खरा. पण त्याच देशात टिपेला एकेकाळी कडवा विरोध होता. ही उमरावांची रीत, ती लोकशाहीत शोभत नाही, असे म्हणत वॉशिंग्टन राज्याने १९०९ मध्ये टिपबंदीचा कायदा केला. आणखी काही राज्यांनी तसेच केले, पण १९२६ पर्यंत हे सगळे कायदे रद्द झाले. त्याच काळात पुलमन कंपनीच्या रेल्वे डब्यांतले कृष्णवर्णीय पोर्टर तुटपुंज्या पगारावर राबत. टिप मिळते ना, मग पगार कशाला वाढवायचा, हा मालकांचा हिशेब. १९२५ साली त्यांनी संघटना बांधली आणि १९३७ मध्ये कंपनीशी करार झाला. वरचे देणे जेव्हा मूळ मजुरीची जागा घेते, तेव्हा ते बक्षीस राहत नाही, हा यातला धडा.

आपल्या बाजारातल्या सलूनकडे या नजरेने पाहावे. अनेक ठिकाणी खुर्चीमागे उभा असलेला माणूस मालक नसतो, कारागीर असतो, आणि तो टक्केवारीवर काम करतो. दरातला ठरलेला हिस्सा त्याचा. उरलेल्यातून भाडे, वीज, सामान आणि मालकाचा नफा. रविवारी तो उभ्याने जेवतो, मंगळवारी गिऱ्हाईकाची वाट पाहतो. आरशाला चिकटवलेल्या कोडवर आपण मोबाइलने पैसे भरतो, ते मालकाच्या खात्यात जातात. त्यातच टिप मिळवली, तर ती कारागिराच्या हाती पोचेलच असे नाही. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली तेव्हा ही सगळी दुकाने बंद पडली. महाराष्ट्रात ती २८ जूनला उघडली, तीही सुरुवातीला दाढीला परवानगी नसताना. त्या दिवसांत आपल्या वसाहतीतल्या काही घरांनी पुढच्या दोन-तीन कटिंगचे पैसे आधीच दिले, काहींनी तांदूळ-डाळ पोचवली. न कळत आपण बलुतेच दिले.

मग द्यावे किती? मी पाळतो तो हिशेब सांगतो, पटल्यास घ्यावा. पहिली गोष्ट, दर पूर्ण द्यावा, घासाघीस करू नये. कारण दर हे आजचे बलुते आहे, तो हक्क आहे. घासाघीस करून वाचवलेल्या वीस रुपयांतले दहा टिप म्हणून देणे हा दानशूरपणा नव्हे. त्यानंतर साधारण दहावा हिस्सा वर द्यावा. दीडशेची कटिंग असेल तर पंधरा-वीस रुपये, रोख, कारागिराच्याच हातात. मालक स्वतः कापत असेल तर दर त्याचाच आहे, वरचे दिले नाही तरी चालते. आजारी किंवा वृद्ध माणसासाठी तो घरी आला, तर येण्याजाण्याचे वेगळे आणि दराच्या निम्मे वर. आणि वर्षातून एकदा दिवाळीची पोस्त म्हणून एका कटिंगचे पूर्ण पैसे, पाकिटात घालून, झाडू मारणाऱ्या पोरालाही त्याच्या वाट्यासह. जुने कपडे किंवा खिशात खुळखुळणारी चिल्लर ही पोस्त नव्हे.

गणपती बसण्याच्या आदल्या रात्री सलूनमध्ये आपलीच रांग असते. आपण स्वच्छ डोक्याने आरतीला उभे राहतो, तेव्हा तो कारागीर अजून उभाच असतो. त्याला नावाने हाक मारावी, 'अहो' म्हणावे, आणि प्रसादाला मांडवात बोलवावे. ही टिप कोणत्याही टक्क्यात बसत नाही.

गणपती बाप्पा मोरया!