पागेचा पावसाळा : शिवकालीन अश्वपोषणातील मापाचा विचार

मराठ्यांच्या इतिहासात स्वाऱ्यांचे वर्णन जितक्या विस्ताराने आढळते, तितक्या विस्ताराने त्या स्वाऱ्या ज्यांच्या पाठीवर झाल्या त्या तट्टांच्या दाणावैरणीचे वर्णन आढळत नाही. वस्तुतः दौडीचे आठ महिने छावणीच्या चार महिन्यांवर अवलंबून असत. पावसाळ्यात पोसले न गेलेले घोडे दसऱ्याला स्वारीस निघण्याजोगे राहत नसे.

भीमा नदीच्या खोऱ्यावरून ज्याला नाव मिळाले, ते भीमथडीचे तट्टू अंगाने लहान, परंतु काटक व डोंगरवाटांना सरावलेले असे. या काटकपणालाही मर्यादा होतीच. घोड्याचे जठर देहाच्या मानाने लहान असून थोडेथोडे व वारंवार खाणे हा त्याचा स्वभाव होय. शिवाय खाल्लेले त्याला ओकून टाकता येत नाही. भुकेल्या घोड्यापुढे एकाएकी भरपूर दाणा टाकल्यास पोटशूळ उठतो, किंवा खुरांच्या आत दाह होऊन जनावर लंगडे पडते. म्हणून वैरण हा मुख्य आहार, आणि हरभऱ्याची वा कुळथाची चंदी ही त्यास मापाने दिलेली जोड, असा क्रम ठेवावा लागतो.

या व्यवहारातील शब्दसंपत्तीही बोधप्रद आहे. तोबरा, जीन, लगाम, नालबंद हे शब्द फारसीच्या द्वारे मराठीत आले. ‘पागा’ हा शब्दही फारसी ‘पायगाह’ याचेच रूपांतर होय. उलट ‘घोडा’ हा संस्कृत ‘घोटका’चा आणि ‘कुळीथ’ हा ‘कुलत्था’चा वंशज आहे. साजाची व व्यवस्थेची भाषा दरबारातून आली, तर तोबऱ्यात पडणाऱ्या धान्याचे नाव कुणब्याच्या शिवारातले राहिले. घोड्याचे पोषण म्हणजे सरकार व शेत यांचा रोजचा संबंध होता, आणि तो बिघडण्याचा धोकाही रोजचाच होता.

या धोक्याची जाणीव शिवकालीन व्यवस्थेत स्पष्ट दिसते. सभासदाच्या बखरीनुसार पागेतील दर २५ घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद नेमलेला असे. म्हणजे पाणी व खूर या दोन गोष्टी शिपायाच्या मर्जीवर सोडलेल्या नव्हत्या. पावसाळ्यात लष्कर स्वदेशी परतण्यापूर्वी दाणा व औषधे यांची तरतूद करून ठेवावी, घोड्यांसाठी गवताने शाकारलेली घरे तयार असावीत, असाही दंडक बखरीत नमूद आहे.

हाच विचार राज्याभिषेकाच्या, म्हणजे १६७४ च्या, सुमारास चिपळूण परिसरातील छावणीच्या जुमलेदार, हवालदार व कारकून यांना शिवाजी महाराजांनी धाडलेल्या पत्रात अधिक कठोरपणे प्रकट होतो. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा व गवत आताच मनास येईल तसे उधळले, तर ऐन पावसात काही मिळणार नाही, उपासाने घोडी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, असा त्याचा आशय आहे. पुढचा इशारा त्याहून गंभीर आहे. साठा संपला की शिपाई कुणब्याच्या घरचे दाणे, भाकर, गवत व फाटी नेऊ लागतील. रयत परागंदा होईल आणि मोगलांपेक्षा तुमचाच जाच अधिक, असे म्हणेल. आगीविषयीची सावधगिरीही तितकीच बारकाईची आहे : दिव्याची जळती वात उंदराने पळविली तरी गवताच्या गंज्या भस्म होतील, मग कोणाला कितीही शिक्षा केली तरी घोड्यांसाठी एक काडीही मिळणार नाही.

वरवर पाहता हे पत्र चाऱ्याच्या काटकसरीचे आहे. परंतु त्यात घोड्याचे आरोग्य व रयतेची सुरक्षितता यांची सांगड घातलेली दिसते. आज एक मूठ अधिक पडलेली चंदी श्रावणात कुणब्याच्या कणगीतून वसूल होणार, हे त्यात ओळखले आहे. अतिरिक्त दाण्याने पोट बिघडते आणि संपलेल्या दाण्याने राज्य बिघडते. दोहोंवरचा उपाय मात्र एकच, तो म्हणजे कारकुनाच्या हातचे रोजचे माप. मराठ्यांच्या घोडदळाच्या वेगाची मीमांसा करताना या मापाचा विचार वगळणे योग्य ठरणार नाही.